एकही माणूस न गमावता

एका मुलाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. वॉल्टर टल हा इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू आणि ब्रिटिश लष्करातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी होता, असं त्याने एका व्हिडिओत ऐकलं. ते खरं आहे का? टॉटनहॅम या लंडनच्या क्लबकडून टल लीगचे दहाच सामने खेळला, मग तो खेळाडू म्हणून साधारणच होता का? आणि मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिश लष्कराचं शौर्यपदक त्याला का मिळालं नाही?

मी पायदळात सव्वीस वर्षं काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पलटणीच्या टीममध्ये हाफ-बॅक खेळायचो. कोल्हापूरला परत आल्यापासून पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो, त्याला आता चौदा वर्षं झाली. टलच्या आयुष्याच्या दोन्ही बाजू मला घरच्यासारख्या वाटतात, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी "पहिला" या शब्दाचा निकाल लावू. टल पहिला नव्हता. आक्राला, म्हणजे आजच्या घानात, १८६५ साली जन्मलेला आर्थर व्हार्टन हा गोलकीपर टलचा जन्म व्हायच्या आधीच प्रेस्टनकडून मोठे सामने खेळला होता आणि १८८९ मध्ये तो रॉदरहॅमकडे व्यावसायिक झाला. त्याच्याही आधी अँड्र्यू वॉटसन १८८१ मध्ये स्कॉटलंडचा कॅप्टन होता. त्याच्या संघाने लंडनमध्ये जाऊन इंग्लंडला सहा-एकने हरवलं, पण वॉटसन हौशी खेळाडू होता. अधिकाऱ्यांचंही तसंच. जमैकात जन्मलेल्या यूअन ल्यूसी-स्मिथला सप्टेंबर १९१४ मध्येच कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं होतं आणि एप्रिल १९१५ मध्ये तो बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत मारला गेला. तोफखान्यातला जॉर्ज बेमंड आणि घोडदळातला डेव्हिड क्लेमेट्सन, दोघेही १९१५ मध्ये अधिकारी झाले. दोघेही जमैकाचेच, आणि दोघेही पहिल्या महायुद्धात मारले गेले.

मग टलचं वेगळेपण काय? ही बाकीची मंडळी खात्यापित्या घरांतली, चांगल्या शाळा-कॉलेजांतून आलेली. टल अनाथाश्रमातून आला. तो साधा शिपाई म्हणून भरती झाला, खंदकात राहिला, आजारी पडून दोनदा मायदेशी गेला, आणि त्यानंतर अधिकारी होऊन गोऱ्या सैनिकांची तुकडी घेऊन लढाईत उतरला. फौजेत खालून वर येणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. मला "पहिला" या बिरुदापेक्षा हा रस्ता मोठा वाटतो.

वॉल्टर डॅनियल जॉन टलचा जन्म २८ एप्रिल १८८८ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टनचा. त्याच्या अकराच दिवस आधी मँचेस्टरमध्ये फुटबॉल लीग या स्पर्धेचं नाव पक्कं झालं होतं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला. म्हणजे संघटित फुटबॉल आणि टल एका वयाचे. वडील डॅनियल बार्बाडोसहून आलेले, सुतारकाम करणारे. त्यांचे वडील गुलामीत जन्मलेले. आई अॅलिस केंट परगण्यातली गोरी बाई. वॉल्टर सात वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. वडिलांनी तिच्याच चुलत बहिणीशी, क्लाराशी लग्न केलं आणि १८९७ मध्ये तेही गेले. सावत्र आईच्या पदरात एवढी सगळी मुलं, कमावणारं कुणी नाही. वॉल्टर आणि त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मेथडिस्ट पंथाच्या अनाथाश्रमात ठेवलं गेलं. वॉल्टर तेव्हा नऊ वर्षांचा होता.

पुढे दोघा भावांची ताटातूट झाली. आश्रमाची मुलं देणग्या गोळा करायला गाणी म्हणत गावोगाव फिरायची. एडवर्डचा आवाज चांगला. ग्लासगोच्या वॉर्नॉक नावाच्या कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं आणि तो पुढे दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला, छापखान्याचं काम शिकला आणि आश्रमाच्या टीममध्ये चेंडू खेळू लागला. भावाभावांचा संबंध मात्र शेवटपर्यंत टिकला.

१९०८ मध्ये त्याने क्लॅप्टन या लंडनमधल्या हौशी क्लबात चाचणी दिली. काही महिन्यांत तो पहिल्या संघात, आणि त्या मोसमात क्लॅप्टनने हौशी फुटबॉलचा राष्ट्रीय कप आणि लंडनचे आणखी दोन कप जिंकले. एका क्रीडा वृत्तपत्राने त्याला हंगामाचा सगळ्यात मोठा शोध म्हटलं. टॉटनहॅमने त्याला १९०९ च्या उन्हाळ्यात अर्जेंटिना-उरुग्वेच्या दौऱ्यावर नेलं आणि परत आल्यावर करारबद्ध केलं. करारावर सही करताना दहा पौंड आणि आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड, यापेक्षा कुणालाच देता येत नसे, मग तो कितीही मोठा खेळाडू असो.

आता दहा सामन्यांची गोष्ट. इथे जरा खेळाचं बोलतो, कारण नुसता आकडा पाहून निकाल देणाऱ्यांना त्या काळचा खेळ डोळ्यांसमोर नसतो.

तेव्हा मागे दोन फुल-बॅक, मध्ये तीन हाफ-बॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड अशी मांडणी असायची. टल इनसाइड फॉरवर्ड खेळायचा, म्हणजे मधला स्ट्रायकर आणि विंगर यांच्यामधली जागा. आणि ऑफसाइडचा नियम आजचा नव्हता. पास सुटताना समोर प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. दोनचा नियम १९२५ मध्ये आला. याचा परिणाम असा की एक चलाख फुल-बॅक चार पावलं पुढे सरकला की अख्खी फॉरवर्ड लाइन ऑफसाइड. अशा खेळात इनसाइड फॉरवर्डचं खरं काम गोल मारण्याइतकंच वेळ ओळखण्याचं असतं. चेंडू पायाशी ठेवून एक क्षण थांबायचं, बचाव करणाऱ्याला आधी हलू द्यायचं, आणि तो हलला की पास सोडायचा. लवकर सोडला तर साथीदार ऑफसाइड. उशीर केला तर पायावर बूट बसलाच म्हणून समजा.

सप्टेंबर १९०९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध टल पहिल्यांदा घरच्या मैदानावर उतरला, तीस हजारांवर लोक बघायला होते. एका लंडनच्या वार्ताहराने त्या सामन्यावर जे लिहिलं ते नेमकं याबद्दल आहे. त्याने टलचं शांत डोकं वाखाणलं. बचाव करणारा चुकीच्या जागी सरकेपर्यंत क्षणभर थांबणं आणि पासला लागेल तेवढाच जोर देणं, असं आपण बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, असा त्याचा अभिप्राय होता. "शांत डोकं" हे शब्द लक्षात ठेवा. पुढे ते परत येणार आहेत.

मी पोरांना हीच गोष्ट शिकवतो आणि शिकवायला सगळ्यात अवघड हीच जाते. पळायला शिकवता येतं, शॉट शिकवता येतो. चेंडू पायाशी असताना समोरून दोघे अंगावर येत असतील, बाजूने अख्खी पेठ "मार, मार" ओरडत असेल, तेव्हा अर्धा सेकंद थांबायला शिकवणं म्हणजे पोराच्या भीतीशी कुस्ती. दहा वर्षांत माझ्या हाताखालच्या तीन-चारच पोरांना ते जमलं.

ऑक्टोबर १९०९ मध्ये टॉटनहॅम ब्रिस्टल सिटीकडे खेळायला गेलं. तिथे प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने टलला त्याच्या रंगावरून सामनाभर शिवीगाळ केली. बातमी लिहिणाऱ्याने म्हटलं की ती भाषा बिलिंग्जगेटलाही लाज आणणारी होती. बिलिंग्जगेट हा लंडनचा मासळीबाजार, तिथल्या शिव्या प्रसिद्ध होत्या. त्याच माणसाने पुढे लिहिलं की मनाने आणि खेळाने टल इतका स्वच्छ आहे की गोऱ्या खेळाडूंनी त्याचा कित्ता गिरवावा, आणि त्या दिवशी मैदानावर त्याच्याइतका कसबी फॉरवर्ड दुसरा नव्हता. इंग्लिश फुटबॉलमध्ये रंगावरून झालेल्या शिवीगाळीच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

त्यानंतर थोड्याच दिवसांत टल पहिल्या संघाबाहेर गेला. तो मोसम आणि पुढचा मिळून त्याच्या नावावर लीगचे दहा सामने आणि दोन गोल. क्लबने त्याला त्या शिव्यांमुळे वगळलं असं लिहून ठेवलेला कागद कुणी दाखवलेला नाही. पण मी मैदानाकडे पाहून सांगतो: पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या सगळ्यात वरच्या गटात, नुकत्याच चढलेल्या संघाला आपला प्रत्येक पॉइंट महत्त्वाचा असतो, आणि परक्या गावी ज्या खेळाडूवर गर्दी तुटून पडते त्याला बसवणं हा मॅनेजरला सोपा रस्ता वाटतो. आमच्याकडेही मी पाहिलं आहे. एका पोराला समोरच्या बाजूचे लोक सतत जातीवरून बोलत राहिले, आणि पुढच्या सामन्यात बसवलं गेलं ते त्याच पोराला. मी तेव्हा मदतनीस होतो. "त्याचं लक्ष विचलित होतंय" असं कारण सांगितलं गेलं. पोराचा पाय त्या सामन्यात एकदाही चुकला नव्हता. त्या दिवशी मी गप्प बसलो, ते मला अजून खटकतं.

टल साधारण खेळाडू नव्हता याचा पुरावा हवा असेल तर पुढचं पान उलटा. ऑक्टोबर १९११ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनच्या मॅनेजरने त्याला घेतलं. मोबदल्यात चांगली रक्कम दिली आणि चार्ली ब्रिटन हा आपला खेळाडूही टॉटनहॅमला दिला. तो मॅनेजर हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्डला आणि मग आर्सेनलला इंग्लंडमधल्या सगळ्यात बलवान टीम उभ्या करणारा हाच माणूस. खेळाडू ओळखण्यात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळात नव्हता. चॅपमन स्वतः आधी टॉटनहॅमकडून खेळलेला, त्यामुळे कुणाला घेतोय ते त्याला नीट ठाऊक होतं.

नॉर्थॅम्प्टनला टल आधी फॉरवर्ड खेळला, ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध एका सामन्यात चार गोल मारले, आणि मग त्याला मागे आणून हाफ-बॅक केलं गेलं. हाफ-बॅक म्हणजे संघाचा कणा. समोरच्या इनसाइड फॉरवर्डला रोखायचं, चेंडू मिळाला की आपल्या लोकांना तो ठरवून द्यायचा. शांत डोक्याच्या माणसाची ती जागा. पहिल्या संघाकडून त्याने १११ सामने खेळले. खेळाडू म्हणून त्याची खरी ओळख नॉर्थॅम्प्टनची आहे. टॉटनहॅमचं नाव मोठं म्हणून व्हिडिओवाले ते आधी घेतात.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, फुटबॉल मात्र चालूच राहिलं. वर्तमानपत्रांत टीका होऊ लागली की धडधाकट पोरं पगार घेऊन चेंडू मारतायत आणि दुसऱ्यांची पोरं मरतायत. १५ डिसेंबर १९१४ ला लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि फुटबॉलवाल्यांची स्वतंत्र पलटण उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी बटालियन. क्लॅप्टन ओरिएंटचे खेळाडू तर घोळक्याने भरती झाले. टलने २१ डिसेंबरला सही केली. नॉर्थॅम्प्टनच्या खेळाडूंपैकी तोच पहिला. मोसम संपेपर्यंत खेळाडूंना शनिवारी क्लबकडून खेळायला सुटी मिळायची, बाकी दिवस कवायत. टल लवकरच लान्स सार्जंट झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर, ज्याच्यावर नजर ठेवावी लागत नाही असा माणूस वरच्यांच्या ध्यानात आला.

नोव्हेंबर १९१५ मध्ये पलटण फ्रान्सला गेली. त्याच्या एका पत्रात तो लिहितो की मागे विश्रांतीला असताना दिवस फार कंटाळवाणे जातात आणि बऱ्याच पोरांना खंदकच बरे वाटतात. नव्या शिपायाला असं वाटतं. मलाही पहिल्यांदा पुढे पाठवलं तेव्हा असंच वाटलं होतं.

मग मे १९१६. तोफांचा मारा सतत सोसून टलचं मन कोसळलं. डॉक्टरी कागदावर "अक्यूट मॅनिया" असं लिहून त्याला इंग्लंडला परत पाठवलं. त्या काळी लोक याला शेल शॉक म्हणत.

टलवर बोलणारे बहुतेक लोक हे एका ओळीत उरकून पुढे जातात. मी इथे थांबणार आहे. मैदानावर तीस हजार लोकांसमोर ज्याचं डोकं थंड राहिलं, तोच माणूस हा. शांत डोकं ही जन्मजात मिळालेली आणि कायम पुरणारी गोष्ट असती, तर त्याचं असं झालं नसतं. माझ्या हाताखाली एक नाईक होता, आमच्या कंपनीतला सगळ्यात धीराचा. लांबलेल्या एका ड्युटीनंतर तो परत आला आणि एका सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. बोटं नुसती थरथरत होती. दोन्ही हातांनी नाडी धरून बसून राहिला, माझ्याकडे बघेना. त्याला भित्रा म्हणणारे निघाले. तो भित्रा नव्हता. विहीर उपसत राहिलात तर तळ दिसणारच, आणि तिला परत भरायला वेळ द्यावा लागतो. आम्ही त्याला घरी पाठवलं, सात महिन्यांनी तो परत आला आणि पुढे हवालदार झाला.

टलही परत आला. सप्टेंबर १९१६ मध्ये तो पुन्हा फ्रान्सला गेला तेव्हा तिथल्या सोम नदीकाठची लढाई ऐन भरात होती. मधल्या काळात त्याच्या पलटणीने डेल्व्हिल वूड आणि गीमोंला बरीच माणसं गमावली होती. नोव्हेंबरात ऑंक्र नदीच्या बाजूच्या हल्ल्यात उरलेल्यांपैकी अनेक गेले. डिसेंबरमध्ये टल ट्रेंच फीव्हरने आजारी पडून दुसऱ्यांदा इंग्लंडला गेला. हा ताप कपड्यांतल्या उवांमुळे पसरतो, पण हे कळायला १९१८ उजाडावं लागलं. तोवर हजारो शिपाई हाडं दुखत, तापत पडून राहिले.

या वेळी तो परत आला तो वेगळ्या वाटेने. वरिष्ठांनी त्याचं नाव अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. फेब्रुवारी १९१७ पासून तो स्कॉटलंडमध्ये एअरशायरच्या गेल्झ इथल्या कॅडेट बटालियनमध्ये शिकला. एडवर्डचं ग्लासगो तिथून जवळच. ३० मे १९१७ ला टल सेकंड लेफ्टनंट झाला.

अधिकारी होण्यासाठी माणूस "शुद्ध युरोपीय वंशाचा" असावा असं लष्कराच्या त्या काळच्या मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेलं होतं. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्यांना हुकूम देणं नियमांच्या रचनेतच बसत नव्हतं. तरीही टलचा अर्ज पुढे गेला, कारण अधिकारी भराभर मरत होते आणि ज्यांनी त्याला खंदकात पाहिलं होतं त्यांनी त्याच्या बाजूने शब्द टाकला.

मराठी वाचकाला हे नीट समजावं म्हणून आपल्याकडचं सांगतो. त्याच युद्धात मेसोपोटेमियात कुत अल-अमाराच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्यांच्यातला सुभेदार वीस वर्षांची नोकरी झालेला असला तरी हुद्द्याने कालच आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या खालीच. त्याचं कमिशन व्हाइसरॉयचं, राजाचं नव्हे. हिंदी सैन्यातल्या लढाऊ पलटणींत राजाचं कमिशन भारतीयांना मिळायला सुरुवात झाली ऑगस्ट १९१७ मध्ये, तेही नऊ जणांना. टलच्या खांद्यावर एक तारा चढला तो याच्या तीन महिने आधी. सुभेदार म्हणून पेन्शनीत गेलेल्या माणसाला त्या एका ताऱ्याची किंमत कळते.

अधिकारी म्हणून टल मिडलसेक्सच्या तेविसाव्या बटालियनमध्ये गेला, ती फुटबॉलवाल्यांची दुसरी पलटण. ही पलटण बेल्जियममध्ये जून १९१७ मध्ये मेसीनला आणि मग पाशेंडालच्या त्या चिखलात लढली. ऑक्टोबरमध्ये काप्पोरेत्तोला इटालियन सैन्याची फळी मोडली तेव्हा ब्रिटिशांनी मदतीला डिव्हिजन, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या फौजा, पाठवल्या. त्यातल्या एक्केचाळिसाव्या डिव्हिजनबरोबर टलची पलटण इटलीत पियावे नदीवर पोचली.

पियावे म्हणजे एका पात्रात वाहणारी नदी नव्हे. गोट्यांचं रुंद पात्र, त्यात पाच-सहा धारा, आल्प्सवरून उतरणारं बर्फाचं पाणी आणि ओढ जबरदस्त. पलीकडच्या काठावर ऑस्ट्रियन. १ आणि २ जानेवारी १९१८ च्या मधल्या रात्री ब्रिटिशांनी नदी ओलांडून छापा घातला. त्याआधी पाण्याचा अंदाज घ्यायला जे पहिल्यांदा पलीकडे गेले त्यांत टल होता. छाप्याच्या रात्री तो २६ जणांची कव्हरिंग पार्टी घेऊन गेला.

कव्हरिंग पार्टी म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढची ओळ नीट कळेल. मुख्य तुकडी छापा मारते, नाव तिचं होतं. कव्हरिंग पार्टी तिच्या आधी पलीकडे जाऊन जागा धरते, मुख्य तुकडी काम करेपर्यंत गोळ्या अंगावर घेते, आणि सगळे परत फिरल्यावर शेवटी निघते. जाताना शत्रूला जाग नसते, परतताना अख्खा काठ जागा झालेला असतो. कपडे भिजून जड झालेले, पायाखाली गोटे सरकतात, अंधारात पुढचा माणूस दिसत नाही. मी रात्री नाला पार करवलेला आहे, तोही असाच थंडीत, मला धरून फक्त अकरा जण. अलीकडे आल्यावर प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं, दहाच भरले. परत मोजलं, दहा. माझ्या छातीत धस्स झालं. मग कळलं की मी स्वतःला धरायचं विसरलो होतो. त्या पाच-सात सेकंदांत माझ्या डोक्यातून काय काय गेलं ते मला आजही आठवतं.

टलने २६ मोजले आणि २६ भरले. डिव्हिजनचे कमांडर मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याची लेखी प्रशंसा केली. जोरदार माऱ्यातही एकही माणूस न गमावता तुकडी पलीकडे नेली आणि परत आणली, असं त्यात आहे. आणि त्याच्या दोन गुणांची नोंद आहे: शौर्य आणि शांत डोकं. १९०९ मध्ये वार्ताहराने चेंडूबद्दल जो शब्द वापरला, तोच आठ वर्षांनी जनरलने नदीबद्दल वापरला. मधे १९१६ आहे. म्हणून मला हा कागद पदकाहून मोठा वाटतो. कोसळलेल्या माणसाने आपलं डोकं परत मिळवलं आणि ते २६ जणांच्या कामी आलं.

मार्च १९१८ च्या सुरुवातीला पलटण परत फ्रान्सला आली. २१ मार्चला जर्मनांनी शेवटचा मोठा हल्ला सुरू केला आणि ब्रिटिश फळी दिवसाला मैलच्या मैल मागे हटू लागली. २५ मार्चला बापोमजवळच्या फाव्र्यू गावापाशी माघार घेताना टलला गोळी लागली. लेस्टर फॉसचा गोलकीपर टॉम बिलिंगहॅम त्याच्या तुकडीत शिपाई होता. माघारीत प्रत्येक जण आपला जीव वाचवत मागे पळत असतो. बिलिंगहॅम मात्र थांबला आणि आपल्या साहेबाला ओढून नेऊ लागला. जर्मन अगदी जवळ आले तेव्हा त्याला सोडावं लागलं. तीस वर्षं पूर्ण व्हायला टलला एक महिना कमी होता. मृतदेह सापडला नाही.

आता मिलिटरी क्रॉसचं. पलटणीतल्या पिकार्ड नावाच्या अधिकाऱ्याने एडवर्डला सांत्वनाचं पत्र लिहिलं. जवानांना टल किती आवडायचा ते सांगून त्यात म्हटलं होतं की मिलिटरी क्रॉससाठी त्याची शिफारस झाली होती आणि तो त्याने खरोखर कमावला होता. टलची फाइल ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, त्यात अशी शिफारस मिळत नाही. यावरून काही लोक म्हणतात की रंगामुळे ती दाबली. नियम मोडून झालेल्या अधिकाऱ्याला पदक दिलं तर नियम उघडा पडेल, असा त्यांचा तर्क आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

मी त्यात फौजी माणूस म्हणून एक भर घालतो. शिफारस पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या सहीने वर जाते, आणि ती मधे अडकली तर पाठपुरावाही त्यालाच करावा लागतो. तेविसाव्या मिडलसेक्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अॅलन हेग-ब्राउन. तरुणपणी हौशी खेळाडू म्हणून तेही टॉटनहॅमकडून खेळलेले. तेसुद्धा २५ मार्च १९१८ लाच, त्याच माघारीत, बापोमजवळ मारले गेले. ज्याची शिफारस करायची तो आणि करणारा एकाच दिवशी गेले. पलटण विस्कटली, ऑफिसचे कागद कुठे राहिले असतील कुणास ठाऊक. अशा वेळी मेलेल्या माणसासाठी नवी शिफारस करायचीही सोय नव्हती, कारण त्या काळी मरणोत्तर देता येईल असा शौर्याचा मोठा सन्मान व्हिक्टोरिया क्रॉस एवढाच होता. मिलिटरी क्रॉससारखी पदकं मरणोत्तर देण्याचा नियम १९७९ मध्ये आला. टलला तो आता द्यावा अशी मागणी ब्रिटनमध्ये अनेक वर्षं चालू आहे. माझं मत विचाराल तर द्यावा. लॉफर्डचा कागद समोर आहे, तेवढा पुरे. मी याहून कमी गोष्टींवर पदकं दिलेली पाहिली आहेत.

नॉर्थॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर १९९९ पासून त्याचं स्मारक उभं आहे, आणि फोकस्टनच्या युद्धस्मारकावर नाव आहे. त्या गावच्या बंदरातूनच लाखो ब्रिटिश सैनिक बोटीत बसून फ्रान्सला गेले. फ्रान्समध्ये जाणं झालं तर आरास शहरातल्या स्मारकावर जा. ज्यांचे मृतदेह मिळाले नाहीत अशा सुमारे ३५ हजार जणांची नावं भिंतींवर कोरलेली आहेत. सातव्या खणात मिडलसेक्स रेजिमेंट शोधा, सेकंड लेफ्टनंट या हुद्द्याखाली टल, डब्ल्यू. डी. जे. तिथून चाळीसेक किलोमीटरवर नव्ह शापेलला हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. पुण्याच्या खडकीहून गेलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या, दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला त्या गावात घराघरांतून लढल्या होत्या. एका दिवसात दोन्ही स्मारकं बघून होतात, पण नावं वाचायची असतील तर सकाळी लवकर निघा.